तीन बोटं मिटून

हवाई बेटांवरच्या होनोलुलूत संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलं की एक गोष्ट हळूहळू लक्षात येते. हॉर्न फारसे वाजत नाहीत. शेजारच्या लेनमधल्या कुणाला आत यायचं असलं की तो इंडिकेटर देतो, मागचा जरा थांबून जागा करून देतो, आणि आत शिरलेल्या गाडीच्या खिडकीतून एक हात बाहेर येतो. अंगठा आणि करंगळी मोकळी, मधली तीन बोटं मिटलेली. मनगट एकदा इकडे-तिकडे हलतं आणि हात आत जातो. आभार मानून झाले, समोरच्याने ते घेतले, दोघं आपापल्या वाटेला लागले.

या खुणेला शाका म्हणतात. काय चाललंय, येतो, आभारी आहे, सगळं मजेत, जाऊ दे रे, घाई कशाला, असं बरंच काही तिच्यात बसतं. नेमकं काय म्हणायचंय ते प्रसंगावरून ओळखायचं. बसमधून उतरणारा प्रवासी ड्रायव्हरला शाका करतो. टीव्हीवरच्या बातम्या संपल्या की निवेदक कॅमेऱ्याला करतात. शाळेच्या फोटोत मागच्या रांगेतली पोरं करतात आणि पुढे खुर्चीवर बसलेल्या बाईही करतात. २० जानेवारी २००९ ला बराक ओबामा पहिल्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले, त्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये कडाक्याची थंडी होती. संचलनात त्यांच्या जुन्या पुनाहौ शाळेचं बँडपथक समोरून गेलं, तेव्हा नव्या राष्ट्राध्यक्षांनी मंचावरून पोरांना शाकाच केली. होनोलुलूत वाढलेल्या माणसाला त्या क्षणी दुसरं काही सुचलंही नसतं.

माझी भाची नोकरीनिमित्त तिकडे असते, म्हणून होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूवर माझं जाणं झालं. पोचल्या पोचल्या तिच्या शेजाऱ्याला मी मोठ्या हौसेने शाका केली. हात खांद्याच्या वर, बोटं ताणलेली, मनगट गरागरा. शेजारी हसला, त्यानेही केली. गाडीत बसल्यावर भाची म्हणाली, "मावशी, इतकं जोरात नको गं हलवूस. टुरिस्ट वाटतेस."

"टुरिस्टच आहे मी."

"हो, पण ते सगळ्यांना ओरडून सांगायला हवं का?"

मग मी इतरांचे हात बघायला लागले. तिथल्या माणसाची शाका आळशी असते. कोपर कमरेपासून सुटत नाही, हात छातीपर्यंतही येत नाही, बोटं अर्धवट वाकलेली असतात, मनगट हललं तर हललं. एका म्हाताऱ्या कोळ्याच्या एका हातात बर्फाची पेटी होती आणि दुसऱ्यात किल्ल्यांचा जुडगा. त्याने जुडगा मधल्या तीन बोटांत तसाच धरून नुसता अंगठा आणि करंगळी उघडली. समोरच्याला ती पोचली. आम्ही पाहुणे मात्र प्रत्येक वेळी फोटो काढायचा असल्यासारखी करतो. (बहुतेक वेळा फोटो काढायचाच असतो.)

ही खूण कुणालाही चटकन जमते, त्याला शरीराचंच कारण आहे. बोटं सरळ करणारा एक सामाईक स्नायू कोपराजवळून निघतो आणि चारही बोटांना दोऱ्या पाठवतो. त्याखेरीज तर्जनीला आणि करंगळीला स्वतःचा एकेक वेगळा स्नायू आहे, आणि अंगठ्याचा कारभार तर मुळातच स्वतंत्र. मधलं बोट आणि अनामिका यांच्या वाट्याला असं काही नाही, ती सामाईक दोरीवरच चालतात. मूठ मिटून एकटी अनामिका उचलून बघा, ती कुरकुरते. करंगळी मात्र लगेच उभी राहते. त्यामुळे दोन-तीन वर्षांच्या पोरालाही शाका येते. या खुणेचा उगम ज्या गोष्टीत सांगतात, तिच्यात पोरंच आहेत, म्हणून हे आधी सांगितलं.

ती गोष्ट ओआहूच्या उत्तर टोकाकडची, कहुकू आणि लाइए या शेजारशेजारच्या गावांची. आणि ती साखरेची आहे.

१८७५ मध्ये हवाईच्या राजाने अमेरिकेशी करार केला आणि हवाईची साखर अमेरिकेत विनाजकात जायला लागली. तिथून पुढे बेटांचा नकाशाच बदलला. डोंगरातलं पाणी पाटांनी वळवलं, सपाटी दिसेल तिथे ऊस लावला. तोडायला माणसं कमी पडली म्हणून चीनमधून माणसं आधीपासून येतच होती, त्यांत पोर्तुगाल, जपान, पोर्तो रिको, कोरिया, फिलिपिन्स इथून बोटी भरभरून माणसं आणली. मळ्यांवर प्रत्येक मजुराला धातूचा एक बिल्ला असे, त्याला बँगो म्हणत. त्यावर नंबर. पगार नंबरावर, दुकानातली उधारी नंबरावर, मुकादम हाक मारणार तीही नंबराने. पुढे याच साखरवाल्यांना राणी लिलिउओकलानी डोईजड झाली. १८९३ मध्ये तिचं राज्य उलथवलं गेलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेने बेटं आपल्यात घेतली. एका पिकाने एक देश खाल्ला, असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

हमाना कलिली यांचा जन्म १८८२ चा, म्हणजे राजाच्या अमदानीतला. होनोलुलूचा इओलानी राजवाडा बांधून पुरा झाला तेही हेच वर्ष. राजवाड्यापासून दूर, लाइएत वाढलेले कलिली अंगापिंडाने दांडगे होते, मासेमारीत तरबेज होते, चर्चच्या गायनवृंदाचं काम बघत. आणि त्या भागातल्या बहुतेकांसारखे तेही कहुकूच्या साखर कारखान्यात कामाला लागले.

कारखान्यात उसाचा रस काढायचं काम लोखंडी रुळांचं. खाचा पाडलेले जाडजूड रूळ एकमेकांना जवळजवळ चिकटून उलटसुलट फिरतात, मधल्या फटीत ऊस गेला की पलीकडून चिपाड बाहेर पडतं आणि खाली रस गळतो. या यंत्राला ढकलावं लागत नाही, ते ओढून घेतं. उसाचं टोक एकदा खाचेत अडकलं की बाकीचा ऊस आपोआप आत जातो, आणि उसाबरोबर जे काही असेल तेही. ऊस धरलेला हात सोडायला माणसाला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ रूळ देत नाहीत. आणि जड यंत्र थांबवायचं म्हटलं तरी ते जागच्या जागी थांबत नसतं. ऊस लावताना कलिलींचा उजवा हात त्या रुळांत गेला. तर्जनी, मधलं बोट, अनामिका गेली. अंगठा आणि करंगळी राहिली.

असं झाल्यावर रुळांवरचं काम करणं शक्य नव्हतं. कंपनीने त्यांना उसाच्या गाडीवर राखणदार केलं. शेतातला ऊस कारखान्यात आणायला छोट्या रुळांवरून आगगाडी धावायची, सनसेट बीचपासून काआवापर्यंत, समुद्राच्या कडेकडेने. गाडीचा वेग बेताचा, आणि वाटेवरच्या गावांत पोरांची कमतरता नव्हती. पळत जायचं, डब्याला लटकायचं, फुकट फेरी मारायची, आपल्या घरापाशी उडी टाकायची. पोरांना हुसकणं हेच कलिलींचं मुख्य काम. लांबून गाडी येताना दिसायची आणि तिच्यावर उभा असलेला एक धिप्पाड माणूस हात हलवत 'चला, लांब व्हा' म्हणायचा. हाताला दोनच बोटं.

गाडीवर चढायचं तर आधी कलिली कुठे आहेत ते कळायला हवं. गाडीचा खडखडाट, समुद्राचा आवाज, ओरडून काही ऐकू जात नाही. म्हणून पुढे उभं असलेलं पोर मागच्यांना खूण करायचं. कुणाबद्दल बोलतोय ते सांगायला त्याचाच हात करून दाखवायचा, यापेक्षा सोपं काय असणार? तीन बोटं मिटायची, दोन वर ठेवायची, हात हलवायचा. मैदान साफ आहे, या.

ही कथा सांगताना काहीजण पोरं गाळतात. गाडी निघायला हरकत नाही हे सांगायला कलिली स्वतः हात हलवायचे आणि लोकांनी तो उचलला, एवढंच ठेवतात. ते सोज्ज्वळ आहे. मला पोरांची आवृत्ती जास्त पटते, कारण रोज हात हलवणाऱ्या माणसाचं बघून मोठी माणसं फार तर हात हलवतील, तीन बोटं मिटणार नाहीत. ते पोरांचंच डोकं.

आता इथे एक अवघड प्रश्न येतो. पोरं त्या माणसाला चिडवत होती का?

माझ्या वडिलांचे एक मित्र होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. पॉवर प्रेसवर त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. ते घरी यायचे म्हटलं की आई आम्हा मुलांना आधीच बजावायची, नानांच्या हाताकडे टक लावून बघायचं नाही, काही विचारायचं नाही. आम्ही इतकं बघायचो नाही की न बघणंच दिसायचं. नाना चहाचा कप डाव्या हाताने घ्यायचे. उजव्या हातात कायम घडी घातलेला रुमाल असायचा, उन्हाळा असो की पावसाळा. लग्नाच्या ग्रुप फोटोत त्यांचा उजवा हात कुणाच्या तरी पाठीमागे. नमस्कारासाठी तळहाताला तळहात लावला की कमी काय आहे ते उघडं पडतं, म्हणून ते नुसती मान लववायचे. त्यांना लोक थोडे तुसडे समजायचे. त्यांच्या हाताबद्दल त्यांच्यासमोर कुणी एक अक्षर काढलं नाही, आणि याला आम्ही सगळे सभ्यपणा म्हणत आलो.

तो सभ्यपणाच होता. आईचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पण लाइएतल्या पोरांनी नेमकं उलट केलं. ती बघायची, अगदी निरखून बघायची, आणि करूनही दाखवायची. त्यात चेष्टा नसेलच असं कोण म्हणेल? पोरांच्या नकलेत चेष्टा असतेच, आणि जवळीकही असते, दोन्ही एकाच वेळी. मास्तरांची नक्कल वर्ग करतो ती याच जातीची. ज्याला खरोखर टाळायचं असतं त्याची कुणी नक्कल करत नाही. मला प्रश्न पडतो तो कलिलींच्या बाजूचा. आपला तुटका हात गावभर पोरं मिरवताहेत हे बघून त्यांना काय वाटलं असेल? त्यांच्या तोंडचं काही हाताशी नाही. पण त्यांनी पुढे काय केलं ते ठाऊक आहे.

लाइएचं चर्च १९४० मध्ये आगीत जळालं. मधे महायुद्ध गेलं. नवं चर्च बांधायला पैसे उभे करायचे म्हणून गावाने १९४८ मध्ये हुकिलाउ सुरू केलं. हुकिलाउ म्हणजे सगळ्या गावाने मिळून ओढायचं जाळं. लांबलचक दोराला टी नावाच्या झाडाची पानं बांधतात, पानांच्या सावल्यांना बुजून मासे मधे गोळा होतात, आणि किनाऱ्यावर दोन रांगा करून बायका, पोरं, म्हातारे असे सगळे जाळं खेचतात. मग जेवण, गाणी, नाच. होनोलुलूहून पाहुणे तिकीट काढून यायला लागले. या समारंभात एक राजा असायचा, पारंपरिक वेशात, सगळ्यांच्या पुढे. तो राजा व्हायचे हमाना कलिली. पासष्टी ओलांडलेले, तेवढेच धिप्पाड. म्हणजे हात लपवून कोपऱ्यात बसणारा माणूस हा नव्हेच. ज्या गावाच्या पोरांनी त्यांचा हात खूण म्हणून उचलला, त्याच गावाने त्यांना पाहुण्यांसमोर राजा म्हणून उभं केलं, आणि त्यांनीही आढेवेढे घेतले नाहीत.

कलिली १९५८ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी हवाई अमेरिकेचं पन्नासावं राज्य झालं. राजेशाही, गोऱ्या व्यापाऱ्यांचं प्रजासत्ताक, अमेरिकेचा मुलूख असं सगळं त्या माणसाने एका जन्मात बघितलं.

उगमाच्या दुसऱ्या गोष्टीही आहेत. एक सांगते की स्पेनहून आलेले लोक तीन बोटं मिटून अंगठा ओठांकडे न्यायचे, 'चल, घोटभर घेऊ' म्हणून, आणि त्यातून ही आली. दुसरी तिचं सगळं श्रेय एका मोटारविक्याला देते. स्पेनवाली मला फारशी पटत नाही. ओठांकडे अंगठा नेऊन दारू सुचवणं जगात कुठेही सापडेल, त्याला बेट लागत नाही. मोटारविक्याची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे.

डेव्हिड 'लिपी' एस्पिंडा हे त्याचं नाव. होनोलुलूत जुन्या गाड्या विकायचा आणि १९६० च्या दशकात टीव्हीवर स्वतःच स्वतःची जाहिरात करायचा. भाषा मळ्यावरची, म्हणजे सगळ्या देशांच्या मजुरांनी मिळून घडवलेली पिजिन. जाहिरातीच्या शेवटी हात पुढे करून 'शाका, ब्रा!' म्हणजे 'शाका, भावा!' म्हणायचा. खूण त्याने शोधली नाही, पण उत्तर किनाऱ्यावरची गोष्ट त्याने बेटाबेटावरच्या दिवाणखान्यात नेली. मग राजकारण्यांना वास लागला. फ्रँक फासी हे होनोलुलूचे महापौर. त्यांनी १९७६ च्या प्रचारात शाकाच चिन्हासारखी वापरली. ते सर्वांत जास्त काळ महापौर राहिले, त्यामुळे पुढची कितीतरी वर्षं शाका म्हटलं की काहीजणांना साहेबांचा फलकच आठवायचा.

बेटाबाहेर तिला नेलं सर्फरांनी. १९५० च्या दशकाच्या शेवटापासून कॅलिफोर्नियाची पोरं हिवाळ्यातल्या मोठ्या लाटांसाठी ओआहूच्या उत्तर किनाऱ्यावर तळ ठोकायला लागली. कुठे? सनसेट बीचला. उसाची गाडी जिथपर्यंत यायची, तिथेच. ती मुलं आपापल्या घरी परतताना फळ्यांबरोबर ही खूणही घेऊन गेली, आणि तिथून ती स्केटबोर्डवाले, पॅराशूटने उड्या मारणारे, ब्राझीलचे जुजुत्सूवाले यांच्यापर्यंत पोचली. ब्राझीलचा फुटबॉलपटू रोनाल्डिन्हो गोल मारला की दोन्ही हातांनी शाका करत मैदानभर फिरायचा, ते कित्येकांनी पाहिलं असेल. या प्रवासात खुणेवरचा ऊस पार धुऊन गेला. उरली ती सुट्टी, समुद्र, निवांतपणा. चीनमध्ये हाच हात पुढे केला तर सहा आकडा समजतात, आणि इतर बऱ्याच ठिकाणी कानाजवळ नेला तर फोन.

अभिवादनाच्या खुणा बहुधा वरून खाली येतात असं वाटतं. हस्तांदोलनाचं सगळ्यांत जुन्यांपैकी एक चित्र असिरियाच्या राजाच्या सिंहासनाच्या चौथऱ्यावर कोरलेलं आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला तिसरा शाल्मनेसर बॅबिलोनच्या राजाचा हात हातात घेऊन उभा आहे. दोन राजे, मधे तह. सलाम ठोकणं सैन्याकडून आलं. मुजरा दरबारातून. शाका या रांगेत बसत नाही. ती खालून वर गेली, आणि तीही एका अपघातातून.

तिला जवळची वाटते ती हाय-फाइव्ह. टाळी देण्याच्या या प्रकाराचं श्रेय बहुतेक जण ज्या प्रसंगाला देतात त्याला तारीखही आहे, २ ऑक्टोबर १९७७. लॉस एंजेलिसच्या बेसबॉल मैदानावर, हंगामाच्या शेवटच्या दिवशी डॉजर्स संघाच्या डस्टी बेकरने त्या मोसमातला आपला तिसावा होम रन मारला. परत येताना पुढचा फलंदाज ग्लेन बर्क हात उंच करून उभा होता, बेकरने त्यावर हात मारला. बर्क समलिंगी होता, आणि संघातल्या वरिष्ठांना ते कळलं होतं. पुढच्याच वर्षी त्याला दुसऱ्या संघाकडे धाडलं, आणि त्यानंतर लवकरच त्याचं बेसबॉल संपलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात तो हाय-फाइव्ह देत फिरायचा. एड्सने १९९५ मध्ये गेला, तेव्हा ४२ वर्षांचा होता. आज कुठल्याही ऑफिसात कुणी टार्गेट गाठलं की टाळ्या वाजतात, त्या याच्या. हसऱ्या खुणा इतक्या हसऱ्या का असतात, ते त्यांच्या मालकांची चरित्रं वाचली की वेगळंच दिसायला लागतं.

भाचीबरोबर मी लाइएला गेले. डाव्या हाताला डोंगर सरळसोट उठलेले, उजवीकडे समुद्र रस्त्याला खेटून. काआवा गेलं, मग लाइए, थोडं पुढे कहुकू. कहुकूचा कारखाना १९७१ मध्येच बंद झाला. आता ते गाव रस्त्याकडेच्या कोळंबीच्या गाड्यांसाठी ओळखलं जातं आणि दुपारी तिथे लसणीचा असा वास सुटलेला असतो की इतिहास वगैरे विसरायला होतं. लाइएत पॉलिनेशियन कल्चरल सेंटर आहे, १९६३ मध्ये उघडलेलं, पर्यटकांची जत्रा. तिथे कलिलींचा ब्राँझचा पुतळा आहे. लोक त्याच्या शेजारी उभं राहून फोटो काढतात आणि अर्थातच शाका करतात. आम्ही उभ्या होतो तेवढ्या वेळात एका आजोबांनी नातवाची तीन बोटं स्वतःच्या हाताने मिटून दिली. पोराला पटकन जमलं. पुतळ्याच्या हाताकडे त्या पोराने बघितलं आणि आजोबांना काहीतरी विचारलं. आजोबांनी खाली बसून बराच वेळ उत्तर दिलं. आई म्हणाली असती, विचारू नये.

२०१६ हे वर्ष या गोष्टीत मुद्दाम नोंदवावं असं आहे. त्या वर्षी जूनमध्ये मोबाइलच्या इमोजींच्या जागतिक यादीत नवी चित्रं आली, त्यात मधली तीन बोटं मिटलेला हात होता. यादीतलं त्याचं अधिकृत नाव 'फोन कर' असं सांगणारा हात. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माउई बेटावरचा पुउनेने कारखाना बंद झाला, हवाईतला शेवटचा साखर कारखाना. दीडशेहून जास्त वर्षं ज्या पिकाने त्या बेटांवर राज्य केलं ते उठलं, आणि त्या पिकाच्या यंत्राने घडवलेला हात जगभरच्या खिशांत गेला, तोही दुसऱ्याच नावाने. हवाईच्या लोकांना हे झोंबलं असेल तर नवल नाही.

त्यामुळे जून २०२४ मध्ये गव्हर्नर जॉश ग्रीन यांनी शाकाला राज्याची अधिकृत खूण करणाऱ्या कायद्यावर सही केली, त्याचं मला हसू आलं तरी आश्चर्य वाटलं नाही. राज्यांना असली हौस असतेच. हवाईचा अधिकृत मासा हुमुहुमुनुकुनुकुआपुआआ आहे, आणि ज्यांनी ते नाव अधिकृत केलं त्यांना खुणेचं वावडं का असावं? पण या कायद्यात गंमतीपेक्षा दावा जास्त आहे. या खुणेचं जन्मस्थान आमचं, हे त्याला लिहून ठेवायचंय. टी-शर्टवर, बीअरच्या कॅनवर, कुठल्या कुठल्या समुद्रकिनाऱ्यांच्या जाहिरातींत ती मिरवत असताना कुणीतरी सातबारा काढून ठेवणं भागच होतं.

कायदा म्हटला की व्याख्या आली. साधारणतः अंगठा आणि करंगळी पसरून, मधली तीन बोटं मुडपून, हाताची पुढची किंवा मागची बाजू दाखवत केलेलं अभिवादन, अशा अर्थाचं तिथे लिहिलंय. जोर द्यायचा असेल तर मनगट फिरवता येतं, अशी सोयही आहे. मी ते भाचीला कळवलं. तिने उत्तरात इमोजी पाठवला, 'फोन कर'वाला.

ती व्याख्या वाचताना मी 'मधली तीन बोटं मुडपून' इथे अडकले. कलिलींकडे मुडपायला बोटंच नव्हती. त्यांनी आयुष्यभर नुसता हात हलवला. कायद्याच्या काटेकोर भाषेत बघायचं तर हमाना कलिलींनी कधी शाका केलीच नाही. ती पहिल्यांदा केली रुळांलगत उभ्या असलेल्या कुठल्यातरी कार्ट्याने, पाचही बोटं शाबूत असलेल्या, कंपनीच्या गाडीवर चोरून चढायला निघालेल्या.